दक्षिण गोलार्धातला उन्हाळा, रस्ता आणि शिदोरी

ऑस्ट्रेलियात डिसेंबर हा भर उन्हाळ्याचा महिना. नाताळाच्या सुमारास शाळांना लागलेली सुटी जानेवारीच्या अखेरपर्यंत चालते. आपल्याकडील दिवाळीची आणि मे महिन्याची सुटी एकत्र केली तर जे होईल, ते तेथे या पाच-सहा आठवड्यांत घडते. कार्यालये ओस पडतात, गाड्यांच्या टपांवर सामान चढते, मागे फिरते घर जोडले जाते आणि निम्मा देश समुद्राच्या दिशेने निघतो. प्रत्येक गाडीत बर्फ घातलेली एक पेटी असते. तिला तेथे ‘एस्की’ म्हणतात. हे मुळात एका कंपनीचे नाव. पण आपल्याकडे वनस्पती तुपाला सर्रास ‘डालडा’ म्हटले जाई, तसे ते आता सर्वांचे झाले आहे.

आपल्या समाजातील अनेक घरांची मुले आता मेलबर्न, सिडनी, पर्थ येथे स्थिरावली आहेत. आई-वडील त्यांच्याकडे जातात ते बहुधा याच दिवसांत. कारण मुलांना रजा आणि नातवंडांना सुटी तेव्हाच असते. विमानाचे भाडेही नेमके याच दिवसांत सर्वांत जास्त असते, पण त्याला इलाज नाही. पोहोचल्यावर आठवडाभरात ‘कुठेतरी गाडीने जाऊ या’ असा विषय निघतो आणि त्यापाठोपाठ दुसरा विषय निघतो, ‘रस्त्यात खायचे काय?’

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य, अंडे आणि मध वर्ज्य, सूर्यास्तानंतर जेवण नाही, काही घरांत काल केलेली पोळीही आज चालत नाही. असे नियम पाळणाऱ्या वडीलधाऱ्यांना घेऊन तीन-चार दिवस परक्या देशात रस्त्यावर काढायचे, म्हणजे पुष्कळ घरांत त्याचा शेवट ‘तुम्ही जाऊन या, आम्ही घरी थांबतो’ या वाक्याने होतो. हजारो मैल ओलांडून मुलाकडे गेलेली माणसे मग उपनगरातल्या बंद घरात टीव्हीसमोर बसून राहतात आणि मुले निम्म्या मनाने फिरून येतात.

इचलकरंजीचे एक सूत-व्यापारी व त्यांच्या पत्नी मेलबर्नला मुलाकडे गेले, तेव्हा असेच घडू घातले होते. ग्रेट ओशन रोडवर तीन दिवस जायचे ठरत होते. वडील म्हणाले, “आमच्यामुळे पोरांची सुटी कशाला बुडवता? आम्ही घरी मुगाची खिचडी टाकू. तुम्ही निवांत जाऊन या.” मुलगा गप्प झाला. उत्तर सुनेने दिले. ती म्हणाली, “मामा, कुठं थांबायचं, कुठं शिजवायचं ते सगळं मी लिहून काढलंय. आत्यांनी फक्त डब्यात काय घालायचं तेवढं सांगावं.”

तिने खरोखरच सर्व लिहून काढले होते. मुक्काम हॉटेलात न धरता कॅराव्हान पार्कमधील केबिनमध्ये धरला होता. अशा केबिनमध्ये शेगडी, फ्रिज, भांडी असलेले छोटे स्वयंपाकघर असते. मोटेलच्या खोलीत बहुधा किटली आणि फार तर पाव भाजण्याचे यंत्र मिळते. भाड्यात फरक असतो, पण चार माणसांचा दोन वेळचा बाहेरचा खर्च वजा केला तर केबिनच स्वस्त पडते. नाताळापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत या केबिनचे दर चढे असतात, किमान काही रात्रींची अट असते आणि आरक्षण काही महिने आधी न केल्यास जागा मिळत नाही. घरचा तवा, कढई, उलथणे, पोळपाट-लाटणे एका पेटीत गेले. खाखरा, भडंग, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजलेला रवा आणि डाळ-तांदळाच्या मोजून बांधलेल्या पुरचुंड्या दुसऱ्या पेटीत गेल्या. खाखरा आणि भडंग कोरडे, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही चालणारे. पोळी-भाजी मात्र ज्या त्या दिवशी सकाळी करून त्याच दिवशी संपवायची. सासूबाईंनी यादी वाचली, त्यात ‘सुंठ’ एवढा एकच शब्द वाढवला आणि वाद संपला.

सासऱ्यांकडे वेगळे काम आले. दुकानातील जिन्नसांच्या पाकिटांवरील बारीक अक्षरे भिंगातून वाचण्याचे. ज्याने आयुष्यभर सुताचे नंबर आणि हुंडीच्या तारखा पाहिल्या, त्याच्या हाती हे काम योग्य पडले. ऑस्ट्रेलियात खाद्यपदार्थांत मिसळलेल्या द्रव्यांची नावे बहुधा आकड्यांत छापतात. रंग १२० म्हणजे कोचिनील, किड्यांपासून काढलेला लाल रंग. ९०१ म्हणजे मेण, मधमाशीचे. ९०४ म्हणजे लाख, गोळ्या-चॉकलेटांना चकाकी आणणारी. ४७१ वनस्पतीचे असू शकते, प्राण्याच्या चरबीचेही असू शकते. पाकिटावर तसा खुलासा नसेल तर ते कंपनीला विचारल्याशिवाय कळत नाही. मुलांच्या मऊ गोळ्यांत आणि काही दह्यांतही जिलेटिन असते. चीजमध्ये रेनेट प्राण्याचे की सूक्ष्मजीवांपासून केलेले, हे पाहावे लागते. दूध आणि अंडे यांचा उल्लेख मात्र कायद्याने ठळक करावा लागतो. ती सोय चांगली आहे. आजोबांनी वहीत दोन रकाने पाडले. नातवाला या खेळाची इतकी गोडी लागली, की दुकानात तोच आधी पाकीट उलटे करून आकडे वाचू लागला.

तेथील उन्हाळी खाण्याचे मध्यवर्ती ठिकाण म्हणजे बार्बेक्यू. समुद्रकिनारी, नदीकाठी, गावच्या बागेत नगरपालिकेने बसवलेल्या विजेच्या शेगड्या असतात. बटन दाबले की लोखंडी पत्रा तापतो, पैसे बहुतेक ठिकाणी पडत नाहीत, आणि वापर झाल्यावर पुसून ठेवणे हा शिष्टाचार लोक बऱ्यापैकी पाळतात. सार्वजनिक सोयीचा हा उत्तम नमुना आहे. परंतु त्या पत्र्यावर सकाळपासून मांस भाजलेले असते. काही शाकाहारी कुटुंबे वर अॅल्युमिनियमची फॉइल पसरून मका आणि ढोबळी मिरची भाजतात. ज्यांना तेही रुचत नाही ते आपली छोटी गॅसची शेगडी आणि आपला तवा नेतात. हार्डवेअरच्या मोठ्या दुकानांबाहेर शनिवारी-रविवारी पावाच्या तुकड्यात सॉसेज आणि कांदा घालून विकतात, त्याचे पैसे स्थानिक संस्थांना जातात. आपला माणूस तेथे देणगी देतो आणि पुढे जातो. कांदा घसरून खाली पडतो व त्यावरून गिऱ्हाइकांचा पाय सरकतो, म्हणून तो सॉसेजच्या खाली घालावा, असा सल्ला एका साखळीने २०१८ साली दिला तेव्हा देशभर चर्चा झाली होती. श्रीमंत देशांना वाद घालायला असे विषय परवडतात.

किनाऱ्यावरील चिप्सचा मोह मुलांना आवरत नाही. बटाटा चालतो अशा घरांनीही हे लक्षात ठेवावे की, त्या ज्या तेलात तळतात त्याच तेलात बहुधा मासे तळलेले असतात, आणि काही दुकाने तेलाऐवजी प्राण्यांची चरबी वापरतात. विचारले तर दुकानदार सांगतो. विचारण्याचा संकोच मात्र सोडावा लागतो.

उलट बाजूला दोन जिन्नस असे आहेत, की ते तेथील परंपरेचे असूनही आपल्या पंगतीत बसतात. पहिला अॅन्झॅक बिस्किट. ओट, मैदा, साखर, लोणी, सुके खोबरे आणि उसाचा घट्ट पाक यांचे हे बिस्किट पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या नावाने ओळखले जाते. पारंपरिक कृतीत अंडे नसते, म्हणून ते टिकाऊ. ‘अॅन्झॅक’ हा शब्द कायद्याने संरक्षित असल्यामुळे मूळ कृतीत फारसा फेरफार करून ते नाव लावता येत नाही, आणि त्याला ‘कुकी’ म्हणून विकण्यास परवानगी मिळत नाही. मालाच्या नावाची इतकी राखण व्यापारी माणसाला पटण्यासारखी आहे. दुसरा जिन्नस स्कोन. आपोआप फुगणारे पीठ, साय आणि लेमनेड एवढ्या तीन वस्तूंत तो होतो. त्यावर जाम आणि साय घालून चहाबरोबर देतात. वरून अंड्याचा हात फिरवला आहे का, एवढे विचारून घेतले म्हणजे झाले.

एक इशारा येथेच देणे बरे. शेजाऱ्यांच्या वा शाळेच्या निमंत्रणात ‘ताट घेऊन या’ अशा अर्थाचे वाक्य असते. नवे आलेले लोक रिकामे ताट घेऊन गेल्याच्या कहाण्या तेथे प्रसिद्ध आहेत. अर्थ असा की, काहीतरी पदार्थ करून आणा. नियमाने खाणाऱ्यांसाठी ही प्रथा वरदान ठरते. आपलाच पदार्थ भरपूर न्यावा, आपणही खावा, इतरांनाही द्यावा. साबुदाण्याची खिचडी बटाट्याविना करून नेली तर तिला तेथे चांगली मागणी असते.

ग्रेट ओशन रोड हा टॉर्कीपासून अॅलन्सफर्डपर्यंत २४३ किलोमीटरचा रस्ता. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, मध्ये दोन गाड्या जातील एवढी वाट. त्याचे सौंदर्य सर्वांना ठाऊक आहे. त्याचा जमाखर्च फारसा कोणी सांगत नाही. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना काम मिळावे आणि पडलेल्या सोबत्यांचे स्मारक व्हावे, या दुहेरी हेतूने १९१९ साली तो खणण्यास प्रारंभ झाला. सुमारे ३,००० परतलेल्या सैनिकांनी कुदळ, फावडे आणि सुरुंग यांच्या बळावर तो १९३२ साली पुरा केला. रोजंदारी आठ तासांना साडेदहा शिलिंग होती. पैसा सरकारचा नव्हता. जिलाँग शहराचे महापौर हॉवर्ड हिचकॉक यांनी एक न्यास स्थापून वर्गणी व कर्ज मिळून ८१,००० पौंड उभे केले, त्यांत स्वतःचे ३,००० पौंड घातले. हिचकॉक मूळचे कापड दुकानदारांच्या घराण्यातले. टोल घेऊन कर्ज फेडायचे आणि कर्ज फिटले की रस्ता राज्याला बक्षीस द्यायचा, असा बेत होता. १९३६ साली रस्ता सरकारच्या स्वाधीन झाला आणि टोलही उठला. टोलनाका खरोखर बंद होतो ही गोष्ट आपल्याकडील वाचकांना दंतकथा वाटण्याचा संभव आहे. हिचकॉक मात्र रस्ता पुरा होण्याच्या काही महिने आधी, ऑगस्ट १९३२ मध्ये वारले. उद्घाटनाच्या मिरवणुकीत गव्हर्नरच्या गाडीमागे त्यांची गाडी चालवत नेण्यात आली.

ईस्टर्न व्ह्यू येथे या सैनिकांच्या स्मरणार्थ लाकडी कमान आहे. पर्यटक तेथे एक छायाचित्र घेऊन निघून जातात. इचलकरंजीच्या आजोबांनी तेथे अर्धा तास काढला आणि नातवाला साडेदहा शिलिंगांचा हिशेब समजावून सांगितला.

पुढे ‘बारा प्रेषित’ नावाचे चुनखडीचे सुळके आहेत. ते बारा कधीच नव्हते. नाव पर्यटकांसाठी पडले, त्याआधी त्यांना ‘डुकरीण आणि पिले’ म्हणत. लाटा पायथा झिजवत असतात. जुलै २००५ मध्ये एक सुळका काही क्षणांत कोसळला. जवळच ‘लंडन ब्रिज’ नावाची दुहेरी कमान होती, तिचा जमिनीकडील भाग १५ जानेवारी १९९० रोजी ढासळला आणि दोन पर्यटक समुद्रातल्या उरलेल्या तुकड्यावर अडकले. हेलिकॉप्टरने त्यांना उतरवावे लागले. कठड्याबाहेर पाऊल टाकून छायाचित्र घेणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

याच किनाऱ्यावर १ जून १८७८ रोजी ‘लॉक आर्ड’ हे इंग्लंडहून निघालेले जहाज मेलबर्नच्या अगदी जवळ येऊन खडकावर आदळले. जहाजावर ५४ माणसे होती. टॉम पिअर्स हा उमेदवार खलाशी आणि इव्हा कार्मायकल ही तरुणी, अशी दोनच वाचली. त्याने तिला समुद्रातून ओढून गुहेत आणले आणि कडा चढून जाऊन मदत मिळवली. इव्हाचे आई-वडील आणि भावंडे बुडाली होती. ज्या घळीत हे घडले तेथे आज जिन्याने उतरता येते. वाळू मऊ आहे, पाणी शांत दिसते, मुले तेथे खेळतात.

जहाजात १८८० च्या मेलबर्न प्रदर्शनासाठी पाठवलेला एक चिनी मातीचा मोर होता. मिंटन या इंग्रज कारखान्याने घडवलेला, सुमारे दीड मीटर उंच. जहाज फुटले, माणसे गेली, परंतु मोराचे खोके तरंगत किनाऱ्याला लागले आणि आत मोर शाबूत निघाला. आज तो वॉर्नाम्बूल येथील फ्लॅगस्टाफ हिल सागरी संग्रहालयात आहे. मालाची बांधणी कशी असावी याचा इतका बोलका पुरावा दुसरा मिळणार नाही. मात्र ५२ माणसांच्या मरणाशेजारी तो ठेवलेला असल्यामुळे त्याचे कौतुक तोंडातून मोठ्याने निघत नाही.

आता सूर्यास्ताचा विषय. डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. मेलबर्नमध्ये घड्याळ उन्हाळ्यासाठी एक तास पुढे केलेले असते आणि दिवसच जवळजवळ पावणेपंधरा तासांचा असतो, त्यामुळे सूर्यास्त रात्री पावणेनऊच्या सुमारास होतो. चौविहार पाळणारे ज्येष्ठ तेथे आठ वाजता निवांत जेवतात. नोकरीवरून परतलेली मुलेही त्यांच्याबरोबर पंगतीला बसू शकतात. सिडनीत ही वेळ आठच्या थोडी पुढे, ब्रिस्बेनमध्ये मात्र पावणेसातच्या आसपास, कारण क्वीन्सलँड राज्य घड्याळ पुढे करत नाही. ट्वीड हेड्स आणि कूलंगट्टा ही दोन गावे एकमेकांना चिकटलेली आहेत, मधून राज्याची हद्द जाते आणि उन्हाळ्यात रस्ता ओलांडला की तास बदलतो. किनाऱ्याने उत्तरेकडे जाणाऱ्यांनी जेवणाची वेळ घड्याळावर न ठेवता सूर्यावर ठेवावी. दक्षिण ऑस्ट्रेलियात आणखी अर्ध्या तासाचा फरक पडतो.

या नियमाचा एक लाभ असा की, कुटुंब अंधारापूर्वी मुक्कामाला पोहोचते. कांगारू, वॉलबी आणि वोम्बॅट संध्याकाळी व पहाटे चरायला निघतात आणि रस्त्यावर येतात. शंभर-एकशेदहाच्या वेगाने जाणाऱ्या गाडीसमोर कांगारू आला तर त्याचा जीव जातो, आणि त्याला चुकवण्यासाठी चाक वळवले तर माणसांचाही जाऊ शकतो. म्हणून दुर्गम भागांत भाड्याची गाडी अंधार पडल्यावर गावाबाहेर नेण्यास काही कंपन्या मनाई करतात, विमाही लागू होत नाही. रस्त्याकडेला सकाळी मेलेली जनावरे दिसतात. मुले प्रश्न विचारतात आणि वडीलधारी माणसे अस्वस्थ होतात. कांगारूची मादी मेली तरी तिच्या पिशवीत पिलू जिवंत असू शकते. असे दिसले तर गाडी सुरक्षित जागी उभी करून वन्यजीव बचाव संस्थेला फोन करावा. न्यू साउथ वेल्समध्ये ‘वायर्स’, व्हिक्टोरियात ‘वाइल्डलाइफ व्हिक्टोरिया’. स्वयंसेवक येतात आणि पिलाला घरी नेऊन वाढवतात. प्रवासाला निघण्यापूर्वी हे दूरध्वनी क्रमांक गाडीत लिहून ठेवणे हे पाण्याच्या बाटलीइतकेच आवश्यक मानावे.

सुटीच्या दिवसांत महामार्गांवर ‘ड्रायव्हर रिव्हायव्हर’ अशा पाट्या दिसतात. दोन तासांनी गाडी थांबवावी, डोळ्यांवरची झोप घालवावी, यासाठी स्वयंसेवक चहा, कॉफी आणि बिस्किटे फुकट देतात. पाणपोई आणि सदाव्रत पाहत वाढलेल्या माणसाला येथे परके वाटत नाही.

शिदोरीपेक्षाही या दिवसांत फळांचा आधार मोठा. न्यू साउथ वेल्समधील यंग हे गाव चेरीसाठी प्रसिद्ध आहे. शेपर्टनच्या परिसरात पीच, जर्दाळू, नाशपाती. उत्तरेकडून आंब्यांची खोकी येतात. तेथील एका आंब्याचे नाव ‘आर-टू-ई-टू’ आहे. मूळ झाड शेतात ज्या जागी उभे होते त्या जागेच्या खुणेवरून ते पडले. हापूस, पायरी, केसर म्हणणाऱ्या तोंडाला हे नाव म्हणजे गोदामातील मालाची चिठ्ठी वाटते, पण फळ मोठे व मांसल असते. अंजिरे आणि मध यांची दुकाने रस्त्याकडेला पुष्कळ लागतात. ज्यांना चालत नाहीत ते पुढे जातात.

शेताच्या फाटकाशी एक फळी, तिच्यावर पिशव्यांतून भरलेली फळे, भाव लिहिलेली पाटी आणि शेजारी भोक पाडलेला डबा. माणूस कोणी नाही. पैसे डब्यात टाकायचे आणि पिशवी उचलायची. याला ते लोक प्रामाणिकपणाची पेटी म्हणतात. चोऱ्या होतातच, कित्येक डबे आता साखळीने बांधलेले असतात, काही ठिकाणी फोनवरून पैसे देण्याची खूण चिकटवलेली असते. तरीही शेतकरी फळी मांडतो, कारण दिवसभर माणूस बसवण्याचा खर्च चोरीपेक्षा जास्त पडतो. येथे सद्गुण आणि नफा-तोटा एकाच फळीवर बसले आहेत, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. आजोबांनी पाच डॉलरची नोट टाकली, फळे साडेचारची होती. सुटे परत घेण्याची सोय पेटीत नसते. त्यांनी अर्धा डॉलर वहीत ‘येणे’ म्हणून मांडला नाही, ‘खर्च’ म्हणून मांडला.

उन्हाळ्यात फिरणाऱ्यांनी आगीची पाटी वाचायला शिकले पाहिजे. रस्त्याकडेला अर्धवर्तुळाकार फलक असतो आणि त्यावरचा काटा त्या दिवशीचा धोका दाखवतो. २०२२ पासून त्याच्या मध्यम, उच्च, अत्यंत आणि विनाशकारी अशा चार पायऱ्या आहेत. ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यांत व्हिक्टोरियात १७३ माणसे गेली. २०१९-२० च्या उन्हाळ्यात मालाकूटा या किनारी गावाचा रस्ता तुटला आणि सुटीला आलेल्या लोकांना नौदलाच्या जहाजातून बाहेर काढावे लागले. संपूर्ण आगबंदी जाहीर झालेल्या दिवशी उघड्यावर चूल पेटवता येत नाही, गॅसच्या शेगडीवरही कडक अटी येतात. बाहेर शिजवून खाण्याच्या भरवशावर निघालेल्या कुटुंबाची त्या दिवशी पंचाईत होते. इचलकरंजीच्या मंडळींना दुसऱ्याच दिवशी असा दिवस लागला. पारा चाळिशीपार, वारा उत्तरेचा, आकाश पिवळे. त्यांनी केबिनच्या ओट्यावर सकाळीच पोळ्या केल्या, दुपारी भडंग आणि काकडी खाल्ली, जंगलातून जाणारा ऑटवेचा फाटा रद्द केला आणि गावातच थांबले. नातवंडे हिरमुसली, पण ती चार तासांपुरती.

जानेवारीत हेच कुटुंब अॅडलेडला भाच्याकडे निघाले. जवळची वाट सोडून मिल्ड्युराच्या बाजूने गेले, कारण मरे नदी आणि द्राक्षमळे पाहायचे होते. मिल्ड्युरा हे चॅफी बंधूंनी १८८७ पासून पाटाच्या पाण्यावर उभे केलेले गाव. सांगली-तासगावच्या माणसाला बेदाण्याचा वास आला की तेथे घरी आल्यासारखे वाटते. परंतु तेथे घेतलेले फळ दक्षिण ऑस्ट्रेलियात नेता येत नाही. फळमाशी राज्यात शिरू नये म्हणून रेनमार्कच्या अलीकडे याम्बा येथे रात्रंदिवस तपासणी असते. फळे आणि बऱ्याच भाज्या आधीच्या टोपलीत टाकायच्या किंवा खाऊन संपवायच्या. लपवल्यास जागच्या जागी दंड. विमानतळावरही हाच न्याय आहे. भारतातून दुधाच्या मिठाया, ताजी फळे, पेरण्याजोगे बी नेऊ नये, आणि जे खाण्याचे नेले असेल ते उतरताना भरायच्या पत्रकावर मोकळेपणाने लिहावे. लिहिलेली वस्तू काढून घेतली तरी दंड होत नाही. न लिहिलेली सापडली तर मोठा दंड होतो, व्हिसाही रद्द होऊ शकतो. ‘एवढ्याशा लाडवांना कोण विचारतो’ असे म्हणून सुनेच्या हातात पेढ्यांचा डबा कोंबणाऱ्या नातेवाइकांनी हे वाचावे.

याम्बाच्या आधी एका झाडाखाली गाडी थांबली. तीन किलो पीच आणि द्राक्षे पाच माणसांनी बसून संपवायची होती. मुले थकली, आजोबा थकले, सुनेने उरलेली पाच फळे टोपलीत टाकली. तपासणीच्या रांगेत गाडी लागली, तेव्हा सासूबाईंनी कापडी पिशवीतून हळूच दोन लिंबे काढली. त्या म्हणाल्या, “अगं, लिंबू म्हणजे काय फळ का? मळमळलं तर असावं म्हणून घेतलं होतं.”

सून काही बोलली नाही. काच खाली झाली आणि अधिकाऱ्याने खाण्याचे काही आहे का असे विचारले, तेव्हा तिने ती दोन लिंबे त्याच्या हातात दिली. त्याने आभार मानून ती पिंपात टाकली, मागचा दरवाजा उघडून एस्की पाहिली, खाखऱ्याचा डबा हुंगला आणि हात हलवून गाडी सोडली. रेनमार्कला पोहोचल्यावर आजोबांनी दुकानातून नवी लिंबे घेतली. ती दोन डॉलरला तीन होती.